आजीकडून नातीकडे : भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम

१९२५ साली भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम लंडनला पोचल्या, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. अंगावर बुरखा, सोबत धाकटा मुलगा हमीदुल्ला, आणि सामानात राज्याचे जुने तह, सनदा व घराण्याची वंशावळ. आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांचे थोरले दोन्ही मुलगे नसरुल्ला आणि उबेदुल्ला काही महिन्यांच्या अंतराने वारले होते. दुःख आवरून त्या इतक्या लांब आल्या त्या एका प्रश्नासाठी : भोपाळच्या गादीचा पुढचा वारस कोण?

ब्रिटिश सरकारचा कल ज्येष्ठत्वाच्या नियमाकडे होता. त्या नियमाने थोरल्या मुलाचा मुलगा हबीबुल्ला वारस ठरत होता. बेगमांचे म्हणणे वेगळे होते. इस्लामी वारसा कायद्यात मुलगा हयात असताना, आधी वारलेल्या मुलाच्या मुलाला वाटा पोचत नाही. तेव्हा हयात असलेला हमीदुल्ला हाच वारस. आणि १८६२ च्या सनदेत ब्रिटिश सरकारनेच मुसलमान संस्थानिकांना त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे होणारा वारसा मान्य करण्याचे वचन दिले होते. एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मध्ये घराण्याचे कागद घेऊन उभी असलेली आजी. घराण्याचा इतिहास हा फावल्या वेळचा छंद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग आठवावा.

आपल्या गोमंतकात ही गोष्ट फारशी समजावून सांगावी लागणार नाही. कोमुनिदादीचा जोण हवा असेल तर गांवकाराचा वंश सिद्ध करावा लागतो. देवस्थानाच्या महाजनांत नाव लागायचे तर बाप, आजा, पणजा यांचा धागा दाखवावा लागतो. आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टासाठी आजोबांचा जन्मदाखला शोधत नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारी माणसे तर प्रत्येक वाड्यावर भेटतात. कागद मिळाला तर हक्क, नाही तर नुसती आठवण. भोपाळच्या या बेगमेला हे फार लहानपणी कळले होते, आणि तिने ते आयुष्यभर इतरांना शिकवले.

तिच्या घराण्याची कथा सुरू होते ती तिराह या अफगाण सरहद्दीवरच्या डोंगराळ मुलखात. तिथला ओरकझाई पठाण दोस्त मुहम्मद खान अठराव्या शतकाच्या आरंभी नशीब काढायला हिंदुस्थानात आला, माळव्यात स्थिरावला, आणि मोगल सत्ता खिळखिळी होत असताना त्याने भोपाळचे राज्य उभे केले. १७२८ साली तो वारला आणि पहिल्याच पिढीत गादीचा वाद उभा राहिला. सरदारांनी लहानग्या सुलतान मुहम्मदला गादीवर बसवले. परंतु थोरला यार मुहम्मद, जो निजामाकडे ओलीस म्हणून हैदराबादेत वाढला होता, तो निजामाचे पाठबळ घेऊन आला आणि सत्ता त्याच्या हाती गेली. कोण औरस, कोण ज्येष्ठ, कोणाच्या मागे फौज, हे प्रश्न या घराण्याला तेव्हापासून चिकटले ते कायमचेच.

मराठी वाचकाला भोपाळ आठवते ते १७३७ च्या डिसेंबरातले. बाजीरावाने तिथे निजामाला कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत दुराहे सराईचा तह झाला. इकडे कोकणात त्याच सुमारास पोर्तुगीजांविरुद्ध वसईची मोहीम चालू होती. आपल्या इतिहासग्रंथांत भोपाळचे ते पान विजयाचे आहे. त्या घराण्याच्या इतिहासात मात्र मराठे येतात ते दारात उभे ठाकलेले संकट म्हणून. १८१२-१३ च्या वेढ्यात तर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांपुढे वझीर मुहम्मद खानाने शहर लढवले आणि तटावर स्त्रियाही उभ्या राहिल्या, ही त्या घराण्याची अभिमानाची आठवण. एकच प्रसंग दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगितला जातो. घराण्याचा इतिहास अभ्यासू पाहणाऱ्याने आपल्या घरची गोष्ट शेजाऱ्याच्या घरी जाऊन एकदा तरी ऐकावी, असे मला वाटते.

त्या वेढ्यातून जे घराणे तगले त्याच्या दोन शाखा होत्या. एक नामधारी नवाब गौस मुहम्मदची, दुसरी प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या वझीर मुहम्मदची. वझीरचा मुलगा नझर मुहम्मद आणि गौसची मुलगी गौहर यांचे लग्न झाले आणि दोन्ही शाखांचे हक्क एका घरात आले. पण १८१९ च्या नोव्हेंबरात पिस्तूल चुकून उडाले आणि नझर मुहम्मद जागीच गेला. मागे राहिली अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांची विधवा आणि दुडुदुडु चालायला लागलेली मुलगी सिकंदर. त्या विधवेने, म्हणजे कुदसिया बेगमने, मुलीच्या नावाने राज्य हाती घेतले आणि पडदा टाकला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ या राज्याचा कारभार बहुतांशी स्त्रियांनी केला, त्याचा आरंभ हा. त्याआधी अठराव्या शतकातही यार मुहम्मदची हिंदू घरातली पत्नी ममोला बाई हिने दीर्घकाळ कारभार सांभाळला होता. तिच्या पोटचे मूल गादीवर नव्हते, तरी घराण्याच्या स्मृतीत तिचे स्थान मोठे आहे.

सिकंदर बेगमचे लग्न चुलत घराण्यातल्या जहाँगीर मुहम्मदशी झाले आणि ते सुखाचे झाले नाही. गरोदर पत्नीवर त्याने तलवार चालवली. ती जखमी अवस्थेत आईबरोबर इस्लामनगरला निघून गेली, आणि तिथेच १८३८ साली शाहजहाँ बेगमचा जन्म झाला. १८४४ मध्ये जहाँगीर वारल्यावर सिकंदर आधी मुलीची पालक म्हणून आणि १८६० पासून स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती झाली. कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू करण्याचा निर्णय तिचा. दफ्तरातला कागद सामान्य माणसाला वाचता यावा, याचे मोल इतिहास शोधणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे मोडी आणि पोर्तुगीज या दोन भिंतींपाशी किती घरांचा इतिहास अडून राहिला आहे!

अशा घरात ९ जुलै १८५८ रोजी सुलतान जहाँ जन्मल्या. आई शाहजहाँ बेगम, वडील बाकी मुहम्मद खान. या घराण्याची एक विलक्षण रीत होती : नातीला आजीने वाढवायचे. सिकंदर बेगमने तान्ह्या सुलतान जहाँला आपल्याकडे घेतले आणि तिच्या शिक्षणाचे वेळापत्रक स्वतः आखले. पहाटेपासून कुराण, फारसी, इंग्रजी, गणित, हस्ताक्षर, घोडेस्वारी, आणि यांच्या जोडीला पश्तू. भोपाळच्या राजवाड्यात त्या काळी पश्तूची व्यवहारात काय गरज? पूर्वज ज्या भाषेत बोलत होते ती नातीच्या कानावर पडावी, एवढाच त्यामागचा हेतू असावा. वंशवृक्षावरचे नाव वाचणे निराळे आणि त्या नावाच्या माणसाची भाषा जिभेवर असणे निराळे.

आजी फार काळ लाभली नाही. वडील १८६७ मध्ये गेले, सिकंदर बेगम १८६८ च्या ऑक्टोबरात. दहा वर्षांची मुलगी वारस म्हणून आईच्या छत्राखाली आली. पणजी कुदसिया मात्र १८८१ पर्यंत हयात होती. म्हणजे १८१९ चा तो दिवस प्रत्यक्ष जगलेली बाई सुलतान जहाँच्या तेविसाव्या वर्षापर्यंत घरात होती. वंशशोधाच्या अभ्यासात याहून मोठे भाग्य नाही. आपल्यापैकी बहुतेकांना असे भाग्य लाभते ते अशा वयात, की तेव्हा विचारायला प्रश्न सुचत नाहीत. आणि प्रश्न सुचतात तेव्हा उत्तर देणारे माणूस भिंतीवरच्या तसबिरीत गेलेले असते.

आई शाहजहाँ बेगम स्वतः लेखिका होत्या. राज्याचा इतिहास त्यांनी 'ताजुल इक्बाल' या ग्रंथात लिहिला. १८७६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून निघाले. त्यापूर्वी सिकंदर बेगमनेही आपल्या हजयात्रेची हकीकत लिहिली होती आणि तीही १८७० मध्ये इंग्रजीत छापली गेली होती. म्हणजे लेखणीचा वारसा आजी, आई, मुलगी असा सरळ चालत आला होता. परंतु मायलेकींतला जिव्हाळा तसा चालत आला नाही.

१८७१ मध्ये शाहजहाँ बेगमने विद्वान धर्मशास्त्री सिद्दीक हसन खान यांच्याशी दुसरे लग्न केले. सुलतान जहाँचे सावत्र वडिलांशी जमले नाही. १८७५ च्या सुमारास त्यांचे लग्न अहमद अली खान यांच्याशी झाले आणि त्यानंतर मायलेकींतली दरी रुंदावत गेली. पहिली मुलगी बिल्किस जहाँ, घराण्याच्या रीतीप्रमाणे, आजीकडे म्हणजे शाहजहाँ बेगमकडे गेली. जी रीत सुलतान जहाँच्या बाबतीत वरदान ठरली, तीच आता शिक्षा झाली, कारण आजी आणि आई यांच्यात बोलणेच नव्हते. बिल्किस जेमतेम बारा वर्षांची असताना वारली. सिद्दीक हसन यांच्या पदव्या सरकारने १८८५ मध्ये काढून घेतल्या, १८९० मध्ये ते वारले, तरीही दुरावा मिटला नाही. शाहजहाँ बेगमना कर्करोग झाला, १९०१ च्या जूनमध्ये त्या गेल्या, आणि मनातले मनातच राहिले.

त्याच वर्षी सुलतान जहाँ गादीवर आल्या. पुढच्या जानेवारीत पती वारले. त्रेचाळीस वर्षांची ती विधवा, तीन मुलगे, आणि घडी विसकटलेला कारभार. त्यांनी पुढची पंचवीस वर्षे राज्य केले. कर, न्याय, आरोग्य, शहरातील सुधारणा या सगळ्यांची जंत्री इथे देत नाही. ती कोणत्याही संस्थानी इतिहासात सापडते. त्यांचा खरा ओढा शिक्षणाकडे होता. १९०३ मध्ये मुलींसाठी सुलतानिया शाळा निघाली. हिंदू मुलींसाठी वेगळी कन्या पाठशाळा काढली गेली. बायकांसाठी क्लब काढला, गृहव्यवस्था, आरोग्य, बालसंगोपन यांवर स्वतः पुस्तके लिहिली. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती त्या झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिल्या. सांचीच्या स्तूपाच्या जतनासाठी आणि तिथल्या संग्रहालयासाठी त्यांनी पैसा दिला. जॉन मार्शल यांनी सांचीवरचे आपले ग्रंथ त्यांना अर्पण केले. आपल्या धर्माचे नसलेले, आपल्या वंशाचेही नसलेले, पण आपल्या भूमीत उभे असलेले पुरातन जपणे हेही घरचा इतिहास जपण्याचेच विस्तारलेले रूप त्या मानीत असाव्यात.

आणि या सगळ्याच्या बरोबरीने त्या घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. राज्यात इतिहासाचे स्वतंत्र दफ्तर होते; त्याचे प्रमुख मुहम्मद अमीन झुबैरी यांनीही भोपाळच्या बेगमांवर ग्रंथ लिहिला. बेगमांनी स्वतःचे चरित्र तीन भागांत सांगितले. त्यातल्या पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये लंडनहून निघाले. पणजीचे चरित्र 'हयात-ए-कुदसी' १९१८ मध्ये इंग्रजीत आले. नऊ वर्षांची असताना गमावलेल्या वडिलांवर त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. आणि शेवटी आईचे, 'हयात-ए-शाहजहानी'; त्याचे इंग्रजी रूप १९२६ मध्ये मुंबईत छापले गेले.

या शेवटच्या पुस्तकापाशी थोडे थांबायला हवे. जिच्याशी आयुष्याची कित्येक वर्षे अबोला होता, तिचे चरित्र मुलीने कसे लिहावे? आत्मचरित्रात सुलतान जहाँनी दुराव्याची कथा लपवली नाही. स्वतःची बाजू मांडली, दोषाचा मोठा भाग सावत्र वडिलांच्या पदरात टाकला, आणि बिल्किसच्या आठवणी सांगितल्या. ती कथा एकांगी आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येतेच. सिद्दीक हसन हे अरबी-फारसीचे नामांकित पंडित होते आणि त्यांची बाजू तिथे बोलत नाही. आईच्या चरित्रात मात्र मुलगी मागे सरकते आणि शाहजहाँ बेगमची कर्तबगारी, इमारती, विद्याप्रेम पुढे येते. दोन पुस्तके शेजारी ठेवली की एकाच मुलीची दोन मने दिसतात. कोणते खरे? माझ्या मते दोन्ही. रागावलेली मुलगी आणि इतिहास लिहिणारी वारस यांना तिने एका पुस्तकात कोंबले नाही, आणि रागाचे पुस्तक जाळूनही टाकले नाही. आपल्याकडे घराण्याचा इतिहास छापायचा ठरला की भाऊबंदकीचे खटले, परागंदा झालेला काका, घरातून बेदखल केलेली विधवा ही पाने आधी गळतात. मागे उरते ते नावांचे झाड आणि सनदांची छायाचित्रे.

आणखी एक फरक मराठी वाचकाला जाणवावा. विसाव्या शतकात मराठीत कुलवृत्तांतांची मोठी परंपरा उभी राहिली. किती श्रमाने ती माणसे गावोगाव हिंडली, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या चाळल्या, देवस्थानांचे आणि इनामांचे कागद वाचले! परंतु त्या वृक्षांच्या फांद्या बहुधा पुरुषांच्याच. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुंटली. गोव्यातल्या गांवकारीचा हक्कही पुरुषवंशातूनच उतरत आला. भोपाळमध्ये मात्र चार पिढ्या झाडाचा मध्यखोडच स्त्रियांचा होता आणि नवरे बाजूच्या फांद्यांसारखे. म्हणून सुलतान जहाँनी लिहिलेल्या इतिहासात पणजी, आजी, आई या कोणाच्या कोण म्हणून येत नाहीत, स्वतःच्या नावाने येतात.

असे असूनही त्यांनीच ही स्त्रीपरंपरा थांबवली, हा विरोधाभास टाळता येत नाही. त्यांना मुली होत्या, त्या लहानपणीच गेल्या, उरले मुलगे. लंडनमध्ये त्या भांडल्या त्या मुलासाठी, आणि ज्या कायद्याचा आधार घेतला त्याने त्यांच्या थोरल्या मुलाचे घर गादीपासून दूर झाले. नातू हबीबुल्लाला त्याचे काय वाटले असेल, याची नोंद आजीच्या पुस्तकात शोधू नये. घराण्याचा इतिहास ज्याच्या हाती असतो तो वारसही निवडतो आणि कोणाचे दुःख नोंदवायचे तेही. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारने हमीदुल्लाचा हक्क मान्य केला. बेगम जिंकल्या आणि लगेच गादी सोडून मोकळ्या झाल्या. राज्य मुलाच्या हाती पाहूनच त्यांनी निःश्वास टाकला.

पण दैवाचा खेळ असा, की हमीदुल्लांना तिन्ही मुलीच झाल्या : आबिदा, साजिदा आणि राबिया. थोरली आबिदा १९१३ मध्ये जन्मली आणि जन्मताच आजीने तिला आपल्याकडे नेले. सिकंदरने सुलतान जहाँला नेले होते, तसेच. पुन्हा पहाटे उठणे, पुन्हा कुराण, पुन्हा कडक वेळापत्रक, पुन्हा घोडा. 'सरकार अम्माँ' म्हणून ओळखली जाणारी ही आजी फार कठोर होती. तिच्या हाताखाली आबिदा घोड्यावर बसायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, आणि आपण कोणाच्या कोण हेही शिकली. १९२८ मध्ये आबिदा युवराज्ञी म्हणून जाहीर झाल्या. १२ मे १९३० रोजी सुलतान जहाँ बेगम वारल्या तेव्हा नात सोळा वर्षांची होती.

पुढे संस्थाने गेली. १९५० मध्ये आबिदा सुलतान पाकिस्तानात गेल्या. १९६० मध्ये हमीदुल्ला वारल्यावर भारत सरकारने मधल्या साजिदांना भोपाळच्या बेगम म्हणून मान्यता दिली. त्यांचे पती पतौडीचे नवाब, आणि भोपाळमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा मन्सूर अली खान हा आपल्या क्रिकेटवेड्या पिढीला वेगळा सांगायला नको. घराण्याच्या मालमत्तेचे वाद अजून न्यायालयांत आहेत, आणि तिथेही पहिला प्रश्न तोच विचारला जातो जो १९२५ मध्ये लंडनमध्ये विचारला गेला होता.

आबिदांचा मुलगा शहरयार खान पाकिस्तानचा परराष्ट्र सचिव झाला, क्रिकेट मंडळाचा अध्यक्षही झाला; त्याने २००० साली भोपाळच्या बेगमांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. आबिदांनीही म्हातारपणी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. २००२ मध्ये त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ते पुस्तक कराचीहून निघाले. त्याची सुरुवातीची पाने आजीच्या घरातली आहेत.